नाव एकाचं, बोटं कुणाची?

मी पडद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर बोलतोय. जरा जवळ या, मोठ्यानं बोलायची सोय नाही. एक तर माझा पंखा घरघरतो, आणि दुसरं म्हणजे या घरात कोण कुठं कान लावून उभं असेल याचा नेम नाही. मला कुणाच्या भानगडीत नाक खुपसायची हौस नाही हो. पण माझी पाठ भिंतीला आणि तोंड खोलीकडं. समोर घडतं ते दिसतं, आणि दिसत नाही त्याचा मी अंदाज बांधतो. आजवर माझे अंदाज फारसे चुकलेले नाहीत.

माझा जन्म कुठला म्हणाल तर धड सांगता येणार नाही. पोटातले भाग एकीकडचे, पेटी दुसरीकडची. मला खोक्यातून बाहेर काढलं ते जावईबापूंनी. जावईबापू म्हणजे दुकानाच्या मालकांचे, थोरल्यांचे जावई. तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, आणि सासऱ्यांवर छाप पाडायची होती. "बाबा, आता गिऱ्हाईक दुकानात येत नाही, दुकानानं गिऱ्हाइकाच्या घरी जायचं," असं म्हणून त्यांनी मला टेबलावर बसवलं, नेटवर दुकानाचं पान उघडलं, आपल्या नावानं खातं काढलं आणि त्याचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून माझ्या कपाळावर चिकटवला. थोरल्यांना फार कौतुक वाटलं. माझ्या मनात मात्र तेव्हाच पाल चुकचुकली. ज्या घरात कपाटाची किल्ली कपाटालाच टांगून ठेवतात, त्या घरात पुढं काय होणार?

झालंही तसंच. त्या एका नावानं सगळेच आत यायचे. जावईबापू यायचे, थोरले बिलं बघायला यायचे, आणि सगळ्यात जास्त यायची ती धाकटी.

धाकटी म्हणजे थोरल्यांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ लवकर गेला. मागं राहिली ही, आणि "घरचीच आहे, दुकानात बसू दे" म्हणून मागच्या खोलीत पडद्यांना काठ घालायला आली. शिकलेली बेताचीच, पण डोळा असा की गिऱ्हाइकानं खिडकीचा फोटो पाठवला की ही सांगायची, यांच्याकडं उन्हं तिरपी येतात, यांना अस्तर लागणार. माझ्याजवळ पहिल्यांदा आली ती धूळ पुसायला. मग एका बोटानं एक अक्षर दाबून बघितलं. मग दुसरं. पुढं तिला कुणी उठवलं नाही, कारण दुसऱ्या कुणाला बसायचंच नव्हतं.

पान कसं मांडायचं, ते ती आधी टेबलावर ठरवायची. कापडाच्या ताग्यातल्या उरलेल्या पुठ्ठ्याचे चौकोन कापायची: हा फोटो, हा रंगांचा पट्टा, ही मापाची चौकट, हे "घ्या" असं लिहिलेलं बटण. ते इकडून तिकडं सरकवत बसायची. कधी फोटो वर, कधी माप वर. शेजारी कापड कापणारे मास्तर उभे असायचे, हातात ही मोठी कात्री.

"काय, भातुकली मांडली का?" ते विचारायचे.

"मांडली. बसा, तुम्हाला खोटा चहा देते," ती म्हणायची आणि चौकोन सरकवत राहायची.

आता माझ्या पोटातली खरी गोष्ट सांगतो. दुकानाच्या पानात कुणी काही बदललं, की मी आधीचं पान फेकून देत नसे. ते तसंच घडी घालून जपून ठेवायचं, त्यावर नवं ठेवायचं, आणि सोबत एक ओळ लिहून घ्यायची: काय बदललं, का बदललं. व्हर्जन कंट्रोल म्हणतात याला. मी आपला साधा अर्थ लावला होता, की ही घराची आठवण आहे. माणसं विसरतात, किंवा विसरल्यासारखं करतात. मी विसरत नाही. एकच खोट होती. बदल कुणी केला या रकान्यात दरवेळी नाव एकच यायचं, जावईबापूंचं. बोटं कुणाची का असेनात.

पण बोटं ओळखता येत नव्हती असं नाही. जावईबापूंची ओळ असायची, "छान केलं." नाहीतर "फायनल." दुसऱ्या दिवशी, "फायनल नवीन." धाकटीची ओळ म्हणजे शेजारणीनं कुंपणावरून सांगितलेली हकिकत: "पडद्याच्या फोटोत शेजारी खुर्ची ठेवली. कापडावरची फुलं केवढी आहेत ते लोकांना कळत नव्हतं, बशीएवढी समजून मागवायचे आणि परत करायचे." असं.

तिच्या खुर्चीनं खरंच परत येणारे पडदे कमी झाले. थोरले सगळ्यांना सांगायचे, "आमच्या जावयांनी पान काय बनवलंय!" धाकटी काठ घालत असायची. मान वर करायची नाही. मला तिचा राग यायचा. अगं बाई, बोल की काहीतरी. पण ती म्हणायची, "पडदा नीट बसला की झालं."

मग ते वसतिगृहाचं प्रकरण झालं.

एका वसतिगृहानं सगळ्या खोल्यांचे पडदे आपल्या पानावरून मागवले. त्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, जावईबापू बायकोची वाट बघत माझ्यासमोर बसले होते. वेळ जात नव्हता. त्यांनी पान उघडलं, आणि मापाच्या चौकटीत रुंदीच्या जागी उंची आणि उंचीच्या जागी रुंदी ओढून ठेवली. मोबाईलवर तसं ऐटबाज दिसत होतं. खाली ओळ लिहिली, "रुंदी-उंचीची जागा बदलली. छान दिसतं." आणि उठून गेले. आता मास्तरांच्या टेबलावर जी कापायची चिठ्ठी छापून निघायची, ती पहिल्या चौकटीला रुंदी समजायची. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मास्तरांनी चिठ्ठीप्रमाणे कापलं. वसतिगृहात पडदे लावले, तर एका खिडकीला तीन खिडक्यांची रुंदी आणि खाली गुडघे उघडे.

थोरले त्या दिवशी जेवले नाहीत. "कुणी हात लावला पानाला?" एवढंच विचारत राहिले. आणि जावईबापू काय म्हणाले, ते मी माझ्या या कानांनी ऐकलं. "बाबा, तिथं नाव माझं दिसतं हे खरं. पण ते खातं सगळेच वापरतात. नाव माझं, बोटं काकूंची. दिवसभर त्याच तर बसलेल्या असतात."

धाकटी म्हणाली, "मी नाही केलं, दादा." एकदाच म्हणाली. थोरल्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. जावईबापूंनी मागाहून गुपचूप येऊन चौकटी जागेवर नेल्या, ओळ लिहिली, "फायनल." आणि त्यानंतर पानातलं काहीही बदलायचं तर धाकटीनं आधी थोरल्यांना दाखवायचं, असा नियम झाला. घरच्या माणसावर पहारा बसला. ती दाखवायची, थोरले चष्मा वर करून बघायचे, "हं" म्हणायचे. त्या "हं"मध्ये जो संशय असायचा, तो मला माझ्या काचेवर दिसायचा. तिला तर दिसतच असणार.

आता अलीकडचं ऐका.

दुकान मोठ्या जागेत जायचं ठरलं. तिथं खाली पडदे विकायचे आणि वर स्वतंत्र खोलीत नेटवरचं दुकान. त्या वरच्या खोलीचा कारभार कुणाकडं द्यायचा, हा खरा प्रश्न. थोरल्यांच्या मनात जावईबापू होते. धाकटीला खाली घड्या घालायला बसवायचं, असं मी त्यांना बोलताना ऐकलं. आणि मला काढून टाकायचं. माझ्या जागी नवी पद्धत येणार होती. तिच्यात म्हणे बदलांचा सगळा इतिहास एका मशीनवर राहत नाही, प्रत्येकाच्या मशीनवर सगळ्याची प्रत असते. म्हणजे घरातलं भांडण ज्याच्या त्याच्या घरी पोचतं. बरं आहे.

हे हलवाहलवीचं काम करायला एक चष्मेवाला आला. तरुण, गळ्यात हेडफोन, बोलताना समोरच्याकडं न बघता माझ्याकडं बघणारा. त्यानं एक छोटी चंदेरी डबी माझ्या कुशीत खुपसली आणि पोटातलं भराभर वाचायला लागला. न विचारता. मला त्याचा पहिल्या क्षणापासून संशय आला. त्यात जावईबापू त्याला बाहेर चहाला घेऊन गेले. परत आले तेव्हा दोघंही हसत होते. मी मनाशी म्हटलं, आता काहीतरी शिजलं.

शिजलं होतंच. चष्मेवाला थोरल्यांना म्हणाला, "सर, जुना इतिहास न्यायची तशी गरज नाही. आजचं पान जसं आहे तसं उचलू आणि नव्या ठिकाणी ठेवू. लवकर होईल."

"हो बाबा," जावईबापू म्हणाले. "घर बदलताना कुणी जुन्या रद्दीचे गठ्ठे नेतं का? स्वच्छ सुरुवात करू."

स्वच्छ सुरुवात! ज्याचे हात मळलेले असतात, त्यालाच स्वच्छतेची एवढी घाई असते. मी पंखा जोरात फिरवला. चष्मेवाल्यानं माझ्या डोक्यावर थाप मारली. "हा गेला तर बरंच आहे," म्हणाला.

तेव्हा काठ घालता घालता धाकटी बोलली. सुई थांबवली नाही.

"इतिहास पण न्या."

थोरले वळले. "का गं?"

"नव्या ठिकाणी काही बिघडलं, तर परत कुठं जायचं? आधी कसं होतं ते नको का कळायला?"

"काकू, काही बिघडत नाही आता. नवीन पद्धत आहे," जावईबापू म्हणाले.

"जुनी पण नवीनच होती," मास्तर कापडावर खडूनं रेघ ओढत म्हणाले.

थोरल्यांना आठवण टाकून जायचं मनातून पटत नव्हतं. जुन्या माणसाला गठ्ठा टाकवत नाही. "न्या," ते म्हणाले. "सगळं न्या."

चष्मेवाला नाराज झाला. त्याच्या कामात भर पडली. पण मग त्यानं एक विचारलं. "जुन्या इतिहासात नाव एकच आहे. नव्या पद्धतीत प्रत्येक बदलापुढं खऱ्या माणसाचं नाव लागतं. या नावापुढं कुणाचं लिहू?"

"माझंच," जावईबापू म्हणाले.

"सगळे बदल तुमचे?" थोरल्यांनी विचारलं.

"तिथं लिहिलंच आहे की, बाबा."

मी धाकटीकडं बघत होतो. तिनं दोरा दातानं तोडला, दुसरा ओवला. वरची खोली, एवढ्या दिवसांचं काम, सगळं एका ओळीत दुसऱ्याच्या नावावर चाललं होतं आणि ही बया दोरा ओवतेय.

चष्मेवाला म्हणाला, "ठीक. सगळं नीट उतरलंय का ते बघायला मधूनमधून वाचतो." आणि तो मोठ्यानं वाचायला लागला.

"खिडकीचं चित्र मोठं केलं. लोक चौकटीच्या आतलं माप देतात, आपल्याला बाहेरचं हवं."

"माझं," जावईबापू म्हणाले.

"फोटोत शेजारी खुर्ची ठेवली. फुलं बशीएवढी वाटत होती."

"माझंच."

"कमाल आहे," मास्तर पुटपुटले. "जावईबापूंना बशा कधी आठवल्या?"

"'घ्या' बटण खाली आणलं. एका हातात पिशवी असली की अंगठा तिथवर पोचत नाही."

"हो, ते पण," जावईबापू म्हणाले आणि हातातल्या मोबाईलकडं बघायला लागले. त्यामुळं पुढची ओळ येताना त्यांना दिसली नाही.

"रुंदी-उंचीची जागा बदलली. छान दिसतं."

मास्तरांची कात्री कापडात अर्धी गेली होती, तिथंच राहिली. थोरल्यांनी विचारलं, "हे कधीचं?"

चष्मेवाल्यानं तारीख सांगितली. वसतिगृहाच्या ऑर्डरच्या आदल्या दिवशीची.

चष्मेवाल्याला काय झालं ते कळेना, तो बिचारा सगळ्यांची तोंडं बघत बसला. जावईबापूंनी मोबाईल खिशात ठेवला. "बाबा, हे... हे काकूंनी केलं असणार. माझ्या नावानं."

"आणि वरची तीन?"

"ती माझी."

थोरले हळूहळू उठले. ते चिडले की आवाज वाढवत नाहीत, उलट कमी करतात. "जावईबापू, तेव्हा तुम्ही म्हणालात, नाव माझं, बोटं काकूंची. आज म्हणता, नाव माझं, बोटंही माझी. मध्येच एका ओळीपुरती परत काकूंची. ही बोटं बदलतात कधी, तेवढं सांगा मला."

"म्हणजे काही त्यांची असतील, काही माझी..."

"मग बसा दोघं. एकेक ओळ बघा आणि ज्याची त्यानं घ्या."

"सर, याला खूप वेळ लागेल," चष्मेवाला म्हणाला.

"लागू दे. चुकीचा शिवलेला पडदा उसवायचा म्हणजे वेळ लागतोच."

आणि मग ते दोघं माझ्यासमोर शेजारी शेजारी बसले. मी इतकी माणसं बघितली, पण असं बघितलं नव्हतं. चष्मेवाला एक ओळ वाचायचा आणि थांबायचा. "माझं," धाकटी म्हणायची. "छान केलं" आलं की जावईबापू म्हणायचे, "माझं." सुरुवातीला त्यांनी दोन-चार तिच्या ओळींवर हात ठेवून बघितला. ती म्हणायची, "तुमचं असेल तर घ्या." भांडण नाही, काही नाही. आणि असं म्हटलं की त्यांना ते घेववेना. ओळ मोठी असली की ते आपोआप गप्प बसायला लागले.

मध्ये एक ओळ आली: "निळ्या रंगाचे सगळे फोटो चुकून पुसले गेले. परत आणले."

धाकटी लगेच म्हणाली, "ही चूक माझी. लिहा."

थोरल्यांनी मान वर केली. ही गोष्ट त्यांना कधी कळलीच नव्हती, ती दडवता आली असती. मला वाटतं, त्यांचा जो काही निकाल लागायचा होता तो तिथंच लागला. जी बाई न विचारलेली चूक आपल्या नावावर लिहून घेते, ती विचारलेली कशाला नाकारील?

मग परत ती ओळ आली. रुंदी-उंचीची. चष्मेवाल्यानं वाचली आणि थांबला. माझ्या काचेवर, लिहायची जागा दाखवणारी उभी रेघ नुसती लुकलुकत राहिली. माणसाला बोलतं करायला तेवढी लुकलुक पुरते.

"माझं," जावईबापू म्हणाले. मग पुढं जोडलं, "मोबाईलवर छान दिसत होतं ते."

"छानच होतं," मास्तर म्हणाले. "गुडघ्यापर्यंत."

हसू कुणालाच आलं नाही. थोरल्यांनी धाकटीकडं बघितलं, बोलायला तोंड उघडलं आणि खोकून घेतलं. माफी मागायची सवय नसलेल्या माणसांचा खोकला मला ओळखू येतो. ते म्हणाले, "वरच्या खोलीत उजेड कुठून येतो बघून घे. टेबल तुझ्या सोयीनं लावून देतो. आणि ते मला दाखवायचं वगैरे आता नको." मग जावईबापूंना म्हणाले, "तुम्ही खाली माझ्याबरोबर बसा. गिऱ्हाइकाशी बोलणं तुम्हाला चांगलं जमतं." ते खोटं नव्हतं.

राहता राहिला माझा संशय. चष्मेवाल्यावरचा तेवढा मी मागं घेतला. तो ना चोर, ना साव, नुसता आळशी. पण धाकटीवरचा? ती ओळ माझ्या पोटात इतके दिवस होती. इतिहास उघडायचं तिला येत होतं. आणि मला पक्कं आठवतं, वसतिगृहाच्या प्रकरणानंतर तिनं तो एकदा उघडला होता. ती ओळ वाचली होती. पण त्यापुढं नाव जावईबापूंचं आणि "बोटं काकूंची" हे सगळ्यांनी मान्य केलेलं. दाखवून उपयोग काय? जोवर ते स्वतः "बोटंही माझीच" म्हणत नाहीत, तोवर ती ओळ कुणाचीच नव्हती. मग त्या दिवशी सुई न थांबवता "इतिहास पण न्या" म्हणाली, ते खरंच बिघडलं तर परत जायला? की दुसऱ्या कशासाठी? मी तिच्या तोंडाकडं पुष्कळ बघितलं. काही कळलं नाही.

सगळं झाल्यावर चष्मेवाला तिला म्हणाला, "ताई, तुमचं नाव टाका इथं. नव्या पद्धतीत आता हेच राहील." इतकी वर्षं ती माझ्यावर दुसऱ्याच्या नावानं येत होती. तिनं खुर्ची पुढं ओढली आणि आपलं नाव लिहिलं. एकदा चुकलं, पुसून परत लिहिलं. मग थोडा वेळ नुसती बघत बसली.

"बरोबर आहे ना?" तिनं विचारलं.

"मी काय सांगणार? तुमचं नाव आहे," तो म्हणाला.

आता माझं पोट रिकामं आहे. जे होतं ते सगळं तिकडं गेलं, ज्याचं त्याच्या नावानं. मास्तरांनी माझ्या जागेचं मापही घेतलं, ही जुनी खोली आता कोठार होणार, इथं दोऱ्यांची रिळं ठेवणार म्हणे. माझी तक्रार नाही. जाता जाता तुम्हाला मात्र सांगतो, कारण तुमच्याही घरात, ऑफिसात एकच खातं दहाजण वापरत असतील. ज्याला त्याला त्याचं नाव द्या. आणि कुणी गोड आवाजात म्हणालं, "जुनं कशाला न्यायचं," तर रागावू नका, भांडू नका. फक्त जुन्यात काय आहे ते आधी उघडून बघा.

सकाळी जावईबापू आले होते. "हा डबा मीच भंगारात देऊन येतो, काकू, तुम्ही कशाला त्रास घेता," म्हणाले. धाकटी म्हणाली, "राहू द्या. आधी आत काही राहिलंय का ते मी बघते. मग मीच बंद करीन."

मी तिचीच वाट बघतोय.